पेन्सिलीच्या खुणा

२६ मार्च २०२४, मंगळवार

पालखी अंगणात आली. ढोल, ताशे, गुलाल. आप्पांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. नारळ पुढे केला. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, घरातल्या एकेकाचं नाव घेतलं. आप्पा म्हणाले, "थोरल्याचंही घ्या." गुरव थांबले, माझ्याकडे बघितलं. मग घेतलं.

पालखी पुढच्या घरी गेली तरी आप्पा उन्हातच बसून होते.

२७ मार्च

चिपळूणहून फोन. एका वाचक मंडळाचा. ९ मे ही रेव्हरंड टिळकांची पुण्यतिथी, तासभर बोलाल का. हो म्हटलं.

आप्पांना अजून सांगितलं नाही.

२९ मार्च

गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन दादा नगरच्या चर्चमध्ये उभा असेल. क्रुसावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक प्रवचन. सातही त्यानं एकट्यानं बोलायची वेळ यायची पूर्वी. आता मदतीला तरुण पाळक आहेत म्हणतो.

बाराला आप्पांनी घड्याळ विचारलं. तीनला पुन्हा विचारलं.

१ एप्रिल

दादाचा फोन. ईस्टर झाला. पहाटेची उपासना, मग दोन खेड्यांत. आवाज पार बसलाय. "आप्पा?" "बरे आहेत. रात्रीची झोप नाही." "अजून पॉवरहाउसची तीच शिफ्ट," तो म्हणाला.

गाऱ्हाण्याचं सांगितलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती.

३ एप्रिल

वही काढली. कच्ची टिपणं.

नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव. आपलाच रत्नागिरी जिल्हा. आई जानकीबाई लहानपणीच गेली. वडील कडक. घर सुटलं ते तेव्हाच. नाशिकला संस्कृत, काव्यशास्त्र. मग गावोगाव मास्तरकी, कीर्तनं, नियतकालिकं. कुठं टिकणं नाही. लग्न जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. त्या पुढच्या लक्ष्मीबाई.

१८९३, नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एक गोरा सहप्रवासी. बोलणं कवितेवरून निघालं. उतरताना त्यानं हातात नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच.

बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नाही. मराठी पाळकाच्या हातून. हे भाषणात ठळक सांगायचं. पुढचं सगळं आयुष्य त्यातून उलगडतं.

४ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. कुंभार्ली घाटातून उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा वास घरात येतो.

५ एप्रिल

शाळेत वर्षानुवर्षं 'केवढे हे क्रौर्य' शिकवली. बाण लागलेली पक्षीण, पिलांसाठी जीव गोळा करून घरट्याकडे येणारी. वर्गात दर वर्षी कुणीतरी रडायचंच. पुस्तकात कवीच्या नावामागे रेव्हरंड छापलेलं. मुलं विचारायची, हे काय. मी सांगायचे, ख्रिस्ती धर्मगुरू. पुढचा प्रश्न ठरलेला. टिळक आणि ख्रिस्ती?

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पस्तीस मिनिटांचा तास कधीच पुरला नाही. ९ मेला साठ मिनिटं आहेत.

९ एप्रिल

गुढी उभारली. आप्पांनी कडुलिंब चावून खाल्ला. इतर कशालाही चव नाही म्हणतात.

११ एप्रिल

चिपळूणला जाऊन आले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं. लोकमान्यांच्या नावाच्या वाचनालयात दुसऱ्या टिळकांची पुस्तकं मागत होते. दोघं एका पिढीचे, एकाच जिल्ह्याच्या मातीतले. ग्रंथपालांनी आपणहून 'अभंगांजली'ची चौकशी केली. त्यांच्या आजीला पाठ होते म्हणे अभंग. आजी ख्रिस्ती नव्हती.

२०२१ च्या जुलैत हे गाव बुडालं होतं. बाजारपेठेत जुन्या दुकानांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून शोधली की सापडते.

परत येताना वाशिष्ठी भरून वाहत होती. ऐन एप्रिलात. वर पोफळीच्या पॉवरहाउसात मशिनं चालू असणार.

१४ एप्रिल

पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी मतदान करता येतं यंदा. त्याचा अर्ज भरायचा म्हणून आप्पांचं ओळखपत्र शोधत होते. पत्र्याची पेटी उघडली. वर पेन्शनची कागदपत्रं. खाली नगरची पाकिटं.

दादाचं नवं पुस्तक आलं की आप्पांच्या नावानं पोस्टानं एक प्रत येते. भजनं, मननं, प्रवचनांची पुस्तकं. आप्पा पोस्टमनकडून सही करून घेतात, पेटीत ठेवतात, कुलूप लावतात. आई होती तेव्हापासून असंच. पाकिटं फोडलेलीही नसतील अशीच माझी समजूत.

सगळी फोडलेली. ब्लेडनं, कडेनं, नीट.

एक पुस्तक उघडलं. समासात पेन्सिल. 'स्थिती' दीर्घ केलेली. 'आशिर्वाद' खोडून 'आशीर्वाद'. एका भजनाच्या तिसऱ्या कडव्यापाशी 'मात्रा पाहा'. एका मननाशेजारी उभी रेघ, बाजूला काही नाही. पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक आकडे. ०२.१५. ०३.४०. पॉवरहाउसच्या लॉगशीटवर तासातासाला भरायचे तसे, पुढे शून्य घालून.

सगळी तशीच ठेवली. ओळखपत्र शेवटी चष्म्याच्या डबीखाली मिळालं.

१५ एप्रिल

त्या उभ्या रेघेच्या शेजारचा परिच्छेद आठवत राहिला. दादानं त्यात आईच्या हाताविषयी लिहिलंय. नाव न घेता.

१७ एप्रिल

रामनवमी. देवळात सुंठवडा. आप्पांसाठी आणला.

संध्याकाळी त्यांना सांगून टाकलं, भाषण आहे, टिळकांवर. "लोकमान्य?" "नाही. रेव्हरंड." बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना तुकाराम कळला होता."

इतकंच. पण हे वाक्य मी भाषणात घेणार. टिळकांनी स्वतः मान्य केलं होतं की ख्रिस्तापर्यंत ते तुकोबांच्या वाटेनं पोचले. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं गायली जात. मराठी शब्द कसेबसे त्यात कोंबलेले. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, टाळ आणि मृदंग आणले, कीर्तन आणलं. आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातातलं 'उपासना संगीत' उघडा, पानोपानी टिळक. शेतावरून आलेली बाई जी गाते ते त्यांनी दिलेलं आहे. कवी म्हणून त्यांना मानणारे हे सांगत नाहीत आणि धर्मांतरावर बोलणाऱ्यांना ते ऐकायचं नसतं. मला तेच सांगायचंय.

१९ एप्रिल

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. त्यांना एक कल्पना सुचलीय. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला, कृष्णेत जाणारं. आपण डोंगर पोखरून ते पश्चिमेला, पोफळीत आणलं, त्यातून वीज झाली. टिळकांचं तसंच झालं, असं म्हणा. पोफळीच्या वक्त्याच्या तोंडी शोभेल.

नम्रपणे नाही म्हटलं. पाण्याला कुणी विचारलं नव्हतं. टिळक स्वतः वळले, आणि वळताना घर, जात, बायको, मुलगा, सगळं पणाला लागतंय हे त्यांना माहीत होतं.

२० एप्रिल

रातांबे उतरवले. पहिली पाटी. फोडून साली वेगळ्या, बिया वेगळ्या. हात लाल. अंगणात खाट टाकून साली वाळत घातल्या. संध्याकाळी रसात बुडवून उद्या पुन्हा उन्हात. वळवाच्या आत निदान चार वेळा तरी हे व्हायला हवं.

२२ एप्रिल

'स्मृतिचित्रे' पुन्हा. १९३४ पासून चार भागांत आलेलं पुस्तक. शेवटचा भाग मुलानं, देवदत्तांनी पुरा केला. लक्ष्मीबाई लग्नानंतर अक्षर शिकलेल्या. आणि हे गद्य. मराठीत इतकं निखळ गद्य फार थोड्यांनी लिहिलं.

टिळकांचं चरित्र वाचायचं तर इथंच वाचावं असं माझं ठाम मत आहे. इथं टिळक किराण्याला निघतात आणि भलतंच काही घेऊन घरी येतात. न सांगता पाहुणे आणतात. रागावतात, निघून जातात, परत येतात, कविता लिहितात. कुणालाही पैसे देऊन टाकतात. मिशनच्या अहवालात हा माणूस सापडणार नाही.

२३ एप्रिल

१८९५ चा फेब्रुवारी पुन्हा वाचला. नवरा बाटला ही बातमी. लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या, कडेवर दत्तू. वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घेणारे, अशा घरातली मुलगी. पुढची वर्षं पंढरपूरला बहिणीकडे. टिळक नगरला. पत्रं येत राहिली.

आमच्याकडे ती बातमी दादानं स्वतः आणली. १९८९. पडवीत उभा राहून बोलला, चप्पल पायात तशीच. आई आत तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

२४ एप्रिल

आप्पांना ताप. डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ.

२५ एप्रिल

ताप.

२६ एप्रिल

उतरला. अर्धी वाटी कुळथाची पिठी घेतली. दुपारी भूकंप सांगत बसले, ११ डिसेंबर १९६७. ते रात्रपाळीला खाली होते, डोंगराच्या पोटात. पहाटे चारच्या पुढे. जमीन हलली, मशिनं बंद पडली, मुंबईचे दिवे गेले. बाहेर यायच्या बोगद्यात अंधार. "पोर तीन वर्षांचं होतं," म्हणाले. "क्वार्टरपर्यंत पळत आलो. हिनं त्याला पोटाशी धरून अंगणात बसवलेलं. मला बघून हसला."

दादाविषयी इतकं बोललेले ऐकलेच नव्हते मी.

२८ एप्रिल

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या वेगळ्या बिऱ्हाडात. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी चालवून घेतलं. एकाच गावात नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. पुढे राहुरी. दुष्काळ. अनाथ पोरं घरात. सोवळं हळूहळू सुटत गेलं आणि १९०० मध्ये बाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही याला मी त्यांचं सर्वांत मोठं पाळकपण मानते. प्रवचनं बरीच जणं करतात. घरातल्या माणसाला तिचा तिचा वेळ देणं फार थोड्यांना जमतं.

पाळक म्हणून दीक्षा पुढे १९०४ मध्ये. माझ्या हिशेबी ते त्याआधीच पाळक झाले होते.

२९ एप्रिल

दादाला फोन केला. "नऊ मेला चिपळूणला माझं भाषण आहे. टिळकांवर."

तो गप्प. मग, "येऊ?"

"विचारते."

३० एप्रिल

विचारलं नाही. दिवसभर आमसुलं, दिवसभर तेच मनात.

१ मे

सकाळी आप्पांचं तोंड पुसताना विचारलं. दादा यायचं म्हणतोय.

"कुठल्या गाडीनं?"

२ मे

दादा आठ तारखेला सकाळी सातच्या आत येईल. कराडला मुक्काम करून पहिली एसटी धरणार. आप्पांनी गाडीची वेळ दोनदा विचारली. घाटात बंदी आहे का विचारलं. नाही.

आईच्या वेळी अग्नी काकांच्या मुलानं दिला. दादा आला होता. रस्त्याच्या पलीकडे, फणसाखाली उभा होता शेवटपर्यंत. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. तिथूनच परत गेला.

३ मे

मतदानाचं पथक घरी आलं. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, पेटी, शाई, व्हिडिओ. आप्पांनी अंगात शर्ट मागितला, इस्त्रीचा. मत देऊन झाल्यावर अधिकाऱ्यांना विचारलं, "नगरला कधी?" तेरा तारखेला, ते म्हणाले. "म्हणजे बाराला निघावं लागेल त्याला," आप्पा मला म्हणाले.

त्यांनी दिवस मोजून ठेवलेत.

५ मे

त्र्यंबक बापूजी ठोमरे. बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांचं पोर उभं राहून कविता म्हणतं, आणि टिळक त्याला घरीच घेऊन जातात, नगरला. लक्ष्मीबाई त्याला मुलासारखा सांभाळतात. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरात वाढतो, ब्राह्मणच राहतो. त्या घरात त्याला कुणी बाटवायला गेलं नाही. ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला. आजचीच तारीख. अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं.

हे भाषणात आधी येऊ दे. धर्मांतरावरचे प्रश्न येतील तेव्हा हे घर लोकांच्या डोळ्यांपुढे असू दे.

६ मे

शेवटचा भाग लिहून काढला.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन. १८४२ मध्ये नगरला निघालेलं पत्र. टिळकांच्या हातात ते मराठी वाचकाचं झालं. दर अंकात कविता, पुढे 'ख्रिस्तायन' सुरू. ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत, आपल्याकडे रामकथा-कृष्णकथा सांगतात तसं. दहा-अकरा अध्यायांपर्यंत त्यांचा हात पोचला. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. सोवळ्यात वाढलेल्या त्या मुलीनं.

१९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांना आत जागा. मिशनरी मित्र गोंधळले, मंडळीतले काही दुखावले. सरंजाम नको, परदेशी पैसा नको, ख्रिस्त हवा आणि देशही हवा, असा हट्ट. तब्येत तोवर ढासळलेली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना आत घेणं हे मला त्यांच्या सगळ्या कवितांहून धाडसाचं वाटतं. त्यासाठी किंमत त्यांना दोन्हीकडच्यांनी मोजायला लावली. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. म्हणून तो चुकला असं म्हणायला मी तयार नाही.

९ मे १९१९, मुंबई. आपलं दहन करावं, अस्थी नगरला न्याव्यात ही त्यांची इच्छा. नावामागे रेव्हरंड नको, मिस्टर नको, हीही. शाळेच्या पुस्तकांनी ते ऐकलं नाही.

दहनाच्या ओळीपाशी पेन थांबलं माझं. ठेवायची की काढायची. ठेवली.

७ मे

मतदान करून आले. बोटाला शाई, त्याखाली रातांब्याचा लाल. रांगेत शेजारीण म्हणाली, "भाऊ येतोय म्हणे." पोफळीत काही लपत नाही. "येतोय," म्हटलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिचं-माझं इतकं काही नाही.

८ मे

आला. सातला दहा कमी. पिशवीत वहिनीनं दिलेल्या बाजरीच्या खारोड्या. केस पार पांढरे. उंबऱ्याबाहेर चप्पल काढली, पडवीत थांबला. आतून आप्पांचा आवाज, "गाडी वेळेवर होती?"

"होती."

"मग ये की आत."

दादा खाटेपाशी बसला. आप्पांनी त्याचा हात घेतला, उलटा करून तळवा बघितला, परत ठेवला. मी चहा टाकायला गेले. दूध उतू गेलं.

दुपारी ताटं. दादाचं मी नेहमीच्या सवयीनं पडवीकडे मांडायला निघाले होते. आई तसंच द्यायची. आप्पा म्हणाले, "इथं. माझ्या शेजारी." तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी. जेवायच्या आधी दादानं डोळे मिटले. आप्पांनी हातातला घास खाली ठेवला, त्याचं होईपर्यंत थांबले.

८ मे, रात्री

तुकोबांवरून वाजलं दोघांचं! दादा म्हणतो, तुकोबांची तळमळ आणि स्तोत्रकर्त्याची तळमळ एकाच जातीची. आप्पा म्हणतात, तुकोबांना विठ्ठल समोर दिसत होता, तुमच्या स्तोत्रकर्त्याला दिसत नव्हता, म्हणून तो इतका ओरडतो. दादा म्हणाला, तुकोबाही दिसत नाही म्हणूनच ओरडले, गाथा उघडा. आप्पांनी गाथा मागवली. अकरापर्यंत चाललं. आप्पांचा आवाज वरच्या पट्टीत. त्यांना धाप लागेल की काय असं मला वाटत होतं आणि थांबवायचंही नव्हतं.

९ मे

भाषण झालं. खुर्च्या भरल्या. चिपळूणच्या ख्रिस्ती मंडळीतली चार-सहा माणसंही होती, मागे बसलेली. शेवटी त्यांच्यातल्या एका आजींनी टिळकांचं भजन म्हटलं, टाळी धरून. पहिल्या रांगेतल्या वारकरी काकांनी दुसऱ्या कडव्याला ठेका धरला. टिळकांना हवं होतं ते चिपळूणच्या एका हॉलमध्ये पाच मिनिटं खरंच घडलं.

प्रश्न आले. धर्म बदलल्यावर माणूस मराठी कसा उरतो? एका तरुणानं विचारलं, रागानं नाही. मी म्हटलं, टिळकांची कविता काढून ठेवली तर मराठी काव्याचं एक दालनच रिकामं होतं, 'स्मृतिचित्रे' काढली तर मराठी गद्याचं. बाबा पदमनजींचं १८५७ चं 'यमुनापर्यटन' काढलं तर पहिल्या मराठी कादंबऱ्यांचा इतिहास तुटतो, तेही पुढे पाळक झाले. उरतो कसा म्हणजे काय, आपण त्यांच्यामुळे उरलोय. जरा जोरात बोलले. असू दे.

दुसऱ्यानं विचारलं, कोकणात मिशनऱ्यांमुळेच ना हे? सांगितलं, स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले, शाळा काढल्या, हे खरं. टिळकांची वाट वेगळी. ते मोठे होऊन, संस्कृत पंडित होऊन, स्वतः वाचून गेले.

दादा शेवटच्या रांगेत. काही बोलला नाही. येताना रिक्षात म्हणाला, "दहनाचं सांगितलंस."

"हो."

१० मे

अक्षय तृतीया. आमरस केला.

दुपारी आप्पांनी दोघांना जवळ बसवलं. सरळच विचारलं, "मला अग्नी कोण देणार?"

दादा म्हणाला, "मी."

"तुझ्या मंडळीला चालेल?"

"टिळकांना चालला होता. मला चालतो."

"आणि इथल्यांना?"

"ते तुम्ही सांगून ठेवा."

आप्पांनी काकांच्या मुलाला फोन लावायला सांगितला. मीच लावला. आप्पा स्वतः बोलले, दोन वाक्यं. पलीकडून तो म्हणाला, "काका, मी कधीपासून वाट बघतोय तुम्ही हे सांगायची." स्पीकर चालू होता. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे वळून झोपले.

दादा परसात गेला. बराच वेळ आला नाही. आमसुलांची खाट सावलीत आली होती ती त्यानं उन्हात ओढली, हे मला नंतर दिसलं.

११ मे

पहाटे आप्पांच्या खोलीत दिवा. दोघं जागे. पेटी उघडी. आप्पा सांगतायत, दादा चष्मा लावून पुस्तकात बघतोय. "सतरावं पान. स्थिती." "ते छापणाऱ्यानं केलं." "मुद्रितं कुणी तपासली?" "मीच." "मग छापणारा काय करणार?"

मी पाणी ठेवून परत फिरले.

वळवाचा पाऊस दुपारी. गडगडाट घाटात सुरू झाला तसं आम्ही दोघांनी खाट पडवीत घेतली. पाच मिनिटं मोठे थेंब. मातीचा वास. कोळकेवाडीच्या बाजूला आभाळ काळंच राहिलं.

१२ मे, रविवार

आज उपासना त्याच्या मंडळीत दुसऱ्या कुणी चालवली असेल. इथं त्यानं सकाळी आप्पांच्या खाटेपाशी छोटी प्रार्थना केली. आप्पांनी संपल्यावर 'रामकृष्णहरी' म्हटलं. दोघांनाही चाललं.

दहाच्या गाडीनं गेला. पिशवीत आमसुलं, थोडी ओलसरच, गेल्यावर वाळव म्हटलं. आणि आप्पांनी खुणा केलेली सगळी पुस्तकं. त्यांच्या जागी पेटीत त्याची एकच कोरी प्रत ठेवून गेलाय, नव्या पुस्तकाची.

१३ मे

दादाचा फोन. मतदान केलं. शाईच्या बोटाचा फोटो पाठवला. आप्पांना मोठा करून दाखवला.

"दुसरी आवृत्ती कधी काढतोय?" आप्पांनी विचारलं. दिवाळीपर्यंत, तो म्हणाला. भजनांच्या पुस्तकाच्या दुरुस्त्या अर्ध्याच झाल्यात म्हणून आप्पा नाराज. नव्या प्रतीवर पेन्सिल चालवायला घेतलीय. हात थरथरतो, तेव्हा ते सांगतात आणि मी समासात लिहिते. तिसऱ्या भजनाच्या मात्रांवर आमचं एकमत होईना. दादाला पुन्हा फोन लावला. त्यानं चालीत म्हणून दाखवलं. आप्पा म्हणाले, चालीत बसतं, कागदावर बसत नाही, बदल. तो नाही म्हणाला.

नवव्या पानापर्यंत आलोय.